पूर्णाकाठचे प्रश्न आणि दिल्लीची दारे

अमरावती आणि अकोला या दोन मतदारसंघांनी आजवर लोकसभेत पाठवलेल्या माणसांची यादी वाचली, तर भारतीय राजकारणाचा जवळजवळ सगळा पट तिच्यात सापडतो. केंद्रात कृषी खाते सांभाळणारे डॉ. पंजाबराव देशमुख, पुढे राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील, कम्युनिस्ट पक्षाचे सुदाम देशमुख, रिपब्लिकन पक्षाचे रा. सू. गवई, शिवसेनेचे अनंत गुढे आणि आनंदराव अडसूळ, अपक्ष निवडून आलेल्या नवनीत राणा आणि २०२४ मध्ये काँग्रेसचे बळवंत वानखडे, हे सगळे अमरावतीचे. अकोल्याने वसंतराव साठे यांना पाठवले, पांडुरंग फुंडकर यांना तीनदा, प्रकाश आंबेडकर यांना दोनदा, संजय धोत्रे यांना सलग चारदा आणि आता त्यांचे पुत्र अनुप धोत्रे यांना.

पक्ष बदलले, माणसे बदलली. त्यांच्याकडे आलेले गाऱ्हाणे फारसे बदलले नाही. पूर्णेच्या खोऱ्यातले खारे पाणी, मेळघाटातली बालके, कापसाचा भाव, अडकलेली रेल्वे, रखडलेले सिंचन. यावर गावातल्या पारावर एक ठरलेला निवाडा ऐकू येतो, की आपला खासदार दिल्लीत तोंडच उघडत नाही. हा निवाडा मला अपुरा वाटतो. वऱ्हाडचे प्रश्न संसदेत पुन:पुन्हा गेले आहेत. मांडलेल्यांपैकी कोणते पुढे सरकले, कोणते जागीच राहिले आणि असे का झाले, हे पाहण्याची खरी गरज आहे. असा आढावा घेतल्यावर एक गोष्ट ठळकपणे दिसते. ज्या प्रश्नाला दिल्लीत एकच दार आहे, म्हणजे एक खाते, एक मंत्री, अंदाजपत्रकातली एक ओळ, तो उशिरा का होईना हलतो. ज्याला सहा दारे आहेत, तो या दारावरून त्या दारावर फिरत राहतो. आणि वऱ्हाडचे सर्वांत दुखरे प्रश्न नेमके सहा दारांचे आहेत.

सुरुवातीच्या काळाबद्दल थोडक्यात. वऱ्हाडचा आवाज दिल्लीत पोचवण्याची परंपरा लोकसभेहून जुनी आहे. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, दादासाहेब खापर्डे ही अमरावतीची मंडळी इंग्रजी अमदानीतच मध्यवर्ती कायदेमंडळात बसली होती. पंजाबरावांनी मात्र या कामाला सामाजिक धार दिली. १९२७ चा अंबादेवी मंदिर सत्याग्रह, देवस्थानांच्या संपत्तीबाबत प्रांतिक कायदेमंडळात आणलेले विधेयक, संविधान सभेत शेतकरी आणि मागास वर्ग यांची बाजू, हे सगळे एकाच सूत्रातले होते. १९५२ ते १९६२ ते मंत्रिमंडळात होते. १९५५ मध्ये त्यांनी भारत कृषक समाज उभा केला आणि १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवले. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला त्या दशकात प्रश्न विचारणारा खासदार नव्हता, उत्तर देणारा होता. ती स्थिती पुन्हा आली नाही. १९६५ मध्ये त्यांच्या निधनानंतर पोटनिवडणुकीत विमलाबाई देशमुख निवडून आल्या. नंतर उषाताई चौधरी, प्रतिभाताई पाटील आणि नवनीत राणा. एका मतदारसंघाने चार स्त्रियांना लोकसभेत पाठवावे, ही गोष्ट अमरावतीने मिरवावी अशीच आहे.

आता खासदाराच्या हातात प्रत्यक्ष काय असते ते पाहू, कारण त्याशिवाय पुढचे काहीच नीट कळणार नाही. लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित प्रश्न असतात, त्यांना मंत्री तोंडी उत्तर देतो आणि सदस्याला पूरक प्रश्न विचारता येतात. २३० अतारांकित प्रश्नांना लेखी उत्तर मिळते. कोणाचा प्रश्न यादीत यायचा हे सोडतीने ठरते आणि किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते. शून्य प्रहरात तातडीचा विषय मांडता येतो. नियम ३७७ खाली अडीचशे शब्दांच्या आतले निवेदन करता येते आणि त्यावर मंत्रालयाने महिनाभरात सदस्याला कळवावे अशी अपेक्षा असते. अशासकीय विधेयकासाठी शुक्रवारची दुपार असते, पण स्वातंत्र्यानंतर अशी अवघी १४ विधेयके मंजूर झाली आणि १९७० नंतर एकही नाही. याच्या जोडीला १९९३ पासून खातेनिहाय स्थायी समित्या आहेत. तिथे कॅमेरे नसतात, म्हणून बातमी होत नाही. पण एखाद्या योजनेतला पैसा का खर्च झाला नाही हे सचिवांना समोर बसवून तिथेच विचारता येते.

लोक खासदार निधीबद्दल जास्त बोलतात. तो वर्षाला पाच कोटी रुपये. अमरावतीत किंवा अकोल्यात विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ८३ लाख. दोन्हीकडे मतदार अठरा लाखांहून अधिक; मतदारामागे वर्षाला अठ्ठावीस रुपयेही धड पडत नाहीत. समाजमंदिर, हायमास्ट दिवा, गावातला काँक्रीट रस्ता एवढीच त्याची झेप. खासदाराचे मोल या निधीवरून ठरवणे म्हणजे त्याच्या हातातले सर्वांत लहान हत्यार मोजणे होय.

एक दार असलेला प्रश्न कसा वागतो हे पाहायचे, तर रेल्वेकडे पाहावे. रेल्वे संपूर्णपणे केंद्राची आहे. मंत्री एक, मंडळ एक. शिवाय कोणत्या मार्गाला या वर्षी किती रुपये ठेवले हे दरवर्षीच्या पिंक बुकात छापलेले असते. नरखेड ते बडनेरा हा १३८ किलोमीटरचा नवा मार्ग या परिसरातले सर्वांत ठळक उदाहरण. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, प्रतिभाताई अमरावतीच्या खासदार असताना, तो मार्गी लागला आणि गाडी धावायला जवळजवळ वीस वर्षे गेली. उशीर झाला हे खरे. पण मार्ग झाला. मधल्या काळात खासदार बदलले, सरकारे बदलली, तरी पिंक बुकातली ओळ राहिली आणि प्रत्येक खासदाराला तिच्यावर बोट ठेवून विचारता आले.

शकुंतला रेल्वेची कथा याहून गुंतागुंतीची आहे आणि तिच्यापाशी थांबायला हवे. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर असा सुमारे १९० किलोमीटरचा हा अरुंद मार्ग वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या बंदराकडे आणि तिथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी ब्रिटिश किलिक निक्सन कंपनीच्या पुढाकाराने बांधला गेला. त्यासाठी १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, पण हा मार्ग खासगी मालकीचाच राहिला. गाड्या मध्य रेल्वे चालवायची आणि कराराप्रमाणे पैसे कंपनीला जायचे. १९९४ पर्यंत तिच्यावर वाफेचे इंजिन होते. बनोसा, कोकर्डा, अंजनगाव, पथ्रोट या गावांच्या बाजारहाटाची, दवाखान्याची, कॉलेजची ती गाडी होती. तिकीट बसच्या तुलनेत नगण्य. आनंदराव अडसूळ यांनी तिच्या रुंदीकरणाचा पाठपुरावा वर्षानुवर्षे केला आणि २०१६ मध्ये तत्कालीन रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी १,५०० कोटी रुपयांची घोषणा केली.

घोषणेनंतरही गाडी ब्रॉडगेजवर आली नाही, उलट होती ती अरुंद गाडीही थांबली. असे का व्हावे? एक कारण मालकीच्या करारात आहे: मार्ग दुसऱ्याचा, खर्च रेल्वेचा. दुसरे कारण राजकीय भूगोलात आहे. मूर्तिजापूर अकोला मतदारसंघात, दर्यापूर आणि अचलपूर अमरावतीत, कारंजा, दारव्हा आणि यवतमाळ तिसऱ्याच मतदारसंघात. एकाच गाडीचे तीन खासदार. प्रत्येकाने आपापल्या तुकड्याबद्दल बोलावे, पण १९० किलोमीटर हा ज्याचा एकट्याचा पहिला प्रश्न आहे असा खासदारच नाही. तिसरे कारण रेल्वेच्या हिशेबात आहे आणि ते प्रत्येक मतदाराने समजून घ्यावे. 'मंजुरी', 'तरतूद' आणि 'खर्च' या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मंजूर प्रकल्पाला एखाद्या वर्षी नाममात्र एक हजार रुपये ठेवले, तरी तो कागदावर जिवंत राहतो. मंत्री सभागृहात खरेच सांगतो की प्रकल्प मंजूर आहे, आणि गावात रुळांवर बाभळी वाढत असतात. म्हणून 'मार्ग मंजूर आहे काय' हा प्रश्न विचारून उपयोग नाही. गेल्या पाच वर्षांत दरवर्षी किती तरतूद केली, किती खर्च केली, भूसंपादन किती हेक्टर झाले आणि पुढची निविदा कोणत्या महिन्यात, हे विचारले पाहिजे. अचलपूर-अंजनगाव-दर्यापूरकडच्या नागरिकांनी या गाडीसाठी सत्याग्रह केले, निवेदने दिली. त्या निवेदनांतून असा नेमका प्रश्न बांधून घेतला असता, तर मंत्र्याच्या उत्तराला निसटायला जागा कमी राहिली असती, असे मला मनापासून वाटते.

अकोला-खंडवा मार्गाची अडचण निराळी. हा जुना मीटरगेज धूळघाटच्या प्रसिद्ध वळणाने सातपुडा चढायचा. २०१७ च्या सुरुवातीला रुंदीकरणासाठी गाडी बंद झाली. अकोला ते अकोट हा तुकडा ब्रॉडगेज झाला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रवासी गाडी सुरू झाली. त्यापुढचा मार्ग मेळघाट व्याघ्रप्रकल्पातून जात होता. जुन्याच मार्गाने लवकर काम करा, अशी एक मागणी. जंगलात जड गाड्यांची वर्दळ नको, मार्ग बाहेरून संग्रामपूर, जळगाव जामोद असा वळवा, ही दुसरी. दोन्हीकडे खरी माणसे होती: गाडीवर पोट असलेली डोंगरातली गावे, आणि आपल्या तालुक्याला पहिल्यांदा रेल्वे मिळेल म्हणून आशेवर असलेली बुलडाण्याची गावे. वाघ तर स्वतःची बाजू मांडायला येत नाही. मार्ग बाहेरून नेण्याचा निर्णय माझ्या मते योग्य झाला. पण त्याची किंमत डोंगरातल्या गावांनी मोजली, आणि गेलेल्या गाडीच्या बदल्यात त्यांना बारमाही रस्ता व एसटीच्या फेऱ्या द्याव्यात, ही मागणी रेल्वेच्या वादात हरवून गेली. त्यातच अकोला स्थानक मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात आणि तिथूनच अकोटकडे वा वाशीमकडे निघणारा मार्ग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात. एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेले की तक्रारीचा पत्ता भुसावळऐवजी नांदेड होतो. तरीही शेवटी हे सारे एकाच रेल्वे मंडळाखाली येते, म्हणून ते सोडवता येते.

मेळघाटाचे तसे नाही. धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके अमरावती लोकसभा मतदारसंघात येतात. तिथल्या बालमृत्यूंचा विषय १९९३ पासून न्यायालयात, वर्तमानपत्रांत, विधिमंडळात आणि संसदेत गाजतो आहे. १९९५ मध्ये राज्याने नवसंजीवन योजना आणली. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी बैरागडमध्ये आयुष्य घातले, २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकांवर वर्षानुवर्षे सुनावण्या होत आल्या. एवढे लक्ष देशातल्या फार थोड्या आदिवासी भागांना मिळाले असेल, आणि तरी दर पावसाळ्यात तीच बातमी येते.

कोरकू पाड्यावरचे एक मूल दगावते तेव्हा त्यामागे किती खाती असतात ते मोजून पाहा. आईला गरोदरपणात पोषण मिळाले नाही, ते महिला व बालविकास खाते. अंगणवाडीला धान्य आले नाही, ते पुरवठ्याचे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नव्हता, ते सार्वजनिक आरोग्य. रुग्णवाहिका आली नाही कारण रस्ता वन खात्याच्या हद्दीत अडकला आहे. फोन लागला नाही, ते दूरसंचार. बाप रोजगार हमीची मजुरी थकल्याने दूरच्या शहरात कामाला गेला होता, ते ग्रामविकास. खासदार यांतल्या ज्या मंत्र्याला विचारेल, तो आपल्या हिश्शाचे उत्तर देईल आणि प्रत्येकाचे उत्तर आपापल्या जागी खरे असेल. आरोग्यमंत्र्यांच्या उत्तराची सुरुवात तर ठरलेली आहे: सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत ते तसे आहेच. मग खासदाराने काय करावे? गप्प बसावे असे नव्हे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्राचा असतो, पोषण अभियान केंद्राचे असते, वनहक्क कायदा २००६ संसदेनेच केला आहे. या पैशाच्या आणि कायद्याच्या वाटेने विचारलेल्या प्रश्नाला 'राज्याचा विषय' म्हणून टाळता येत नाही.

यातला एक धागा पुढे सरकला आहे आणि तो पुन्हा एका दाराचाच आहे. जिथे मोबाइलचे जाळे नाही अशा देशभरच्या २४,६८० गावांसाठी जुलै २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २६,३१६ कोटींची ४-जी योजना मंजूर केली आणि काम बीएसएनएलकडे दिले. मेळघाटातल्या डोंगरी गावांसाठी ही मोठी संधी. मनोरा उभा राहिला का, त्याला वीज आहे का, की दिवसातून चार तास चालून बंद पडतो, हे खासदाराला गावाचे नाव घेऊन विचारता येते. नाव घेऊन विचारलेल्या गावाबद्दल खात्याला काहीतरी छापील उत्तर द्यावे लागते, आणि ते उत्तर खोटे असेल तर गावकऱ्यांच्या हाती पुरावा येतो.

खारपाणपट्टा हा माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रश्नांचा मुकुटमणी, दुःखाच्या अर्थाने. पूर्णेच्या दोन्ही काठांनी अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांतली सुमारे ८९४ गावे या पट्ट्यात मोडतात. वर काळीभोर, खोल, सुपीक जमीन. खाली क्षारांनी भरलेले पाणी. बोअर मारली तर पाणी लागते, पण ते पिकाला दिले की जमीन चोपण होते आणि माणसाने प्यायले की दुखणी मागे लागतात. दर्यापूर, अकोट, बाळापूर, तेल्हारा या बाजूच्या गावांतून मूत्रपिंडाच्या आजाराचे रुग्ण इतके, की घरटी कोणीतरी डायलिसिसला जातो असे लोक सांगतात. त्यामुळे शेती पावसावर, पीक एक, आणि घरातला पैसा दवाखान्यावर. मुली देताना गावात गोडे पाणी आहे का हे विचारले जाते.

आता याची दारे. पिण्याचे पाणी जलशक्ती मंत्रालयाचे, जलजीवन मिशनखाली. भूजलाचा अभ्यास केंद्रीय भूजल मंडळाचा. जमीन सुधारणा कृषी खात्याची. डायलिसिस आरोग्याचे. धरणाचे पाणी राज्याच्या जलसंपदा खात्याचे. आणि पैसा कधी राज्याचा, कधी केंद्राचा, कधी जागतिक बँकेचा: नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात पूर्णा खोऱ्यातली खारपाणाची गावे घेतली गेली, तो बँकेच्या कर्जावरचा. त्यात शेततळी झाली, काही शेतकऱ्यांना खरा आधार मिळाला. पण खारपाणपट्टा नावाचा एक प्रश्न म्हणून त्याची जबाबदारी घेणारे खाते दिल्लीतही नाही आणि मुंबईतही नाही.

त्यात पाणी वाटण्याचा झगडा. बाळापूर तालुक्यातल्या ६९ गावांच्या पिण्याच्या पाण्याच्या योजनेसाठी वान धरणाचे पाणी द्यायचे ठरले, तर तेल्हाऱ्याच्या शेतकऱ्यांनी आमच्या सिंचनाचे पाणी नेऊ नका म्हणून विरोध केला. योजनेला स्थगिती मिळाली तेव्हा एप्रिल २०२३ मध्ये बाळापूरचे आमदार नितीन देशमुख खाऱ्या पाण्याचा टँकर घेऊन अकोल्याहून नागपूरकडे पायी निघाले. हे पाणी नेत्यांनी पिऊन पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. तहानलेली गावे आणि तहानलेली शेते यांना समोरासमोर उभे करणारी ही वेळ कोणत्याही लोकप्रतिनिधीवर येऊ नये. पण ती आली, कारण सिंचनाचा अनुशेष भरला गेला नाही.

अनुशेष म्हटल्यावर एका माणसाचे नाव घ्यावेच लागते. तो माणूस खासदार नव्हता. प्रा. बी. टी. देशमुख अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघातून तीन दशके विधान परिषदेत होते. १९८४ च्या दांडेकर समितीच्या अहवालापासून विकासाच्या अनुशेषाची मोजणी सुरू झाली. १९९४ मध्ये संविधानाच्या अनुच्छेद ३७१(२) खाली विदर्भासाठी वैधानिक विकास मंडळ आले, राज्यपालांना निधीवाटपाचे निर्देश देण्याचा अधिकार मिळाला. त्यानंतर अमरावती विभागाच्या वाट्याचे पाणी आणि पैसा कुठे अडला हे आकडे व नियम हातात धरून त्यांनी सभागृहात वर्षानुवर्षे विचारले. नागपूर विभाग आणि अमरावती विभाग एका 'विदर्भ' शब्दात मिसळले की आपला तुटवडा झाकला जातो, हे त्यांनी पुन:पुन्हा दाखवून दिले. आजही वऱ्हाडच्या खासदारांनी धडा घ्यावा तो त्यांच्याकडून: आवाज किती चढला याला महत्त्व नाही, मागच्या उत्तराचा कागद हातात आहे का याला आहे. ३० एप्रिल २०२० रोजी त्या विकास मंडळांची मुदत संपली. ३७१(२) हा संविधानातला अनुच्छेद आहे आणि मंडळे पुन्हा येण्यासाठी राष्ट्रपतींचा आदेश लागतो; म्हणजे हा विषय थेट संसदेत विचारण्याजोगा आहे.

केंद्राने ठरवले तर सिंचनात किती हालचाल होते, हेही आपण पाहिले आहे. जुलै २०१८ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि इतर दुष्काळी भागांतल्या ९१ रखडलेल्या प्रकल्पांसाठी बळीराजा जलसंजीवनी योजना आली आणि वऱ्हाडातल्या कित्येक अर्धवट बंधाऱ्यांना पैसा मिळाला. आता वैनगंगा-नळगंगा नदीजोडकडे सगळ्यांचे डोळे आहेत. चारशे किलोमीटरहून लांब कालव्याने वैनगंगेचे पाणी बुलडाण्यापर्यंत आणायचे आहे. खारपाणाला गोड्या पाण्याची खरी आशा तीच. म्हणूनच तिच्या प्रत्येक टप्प्याची तारीख आत्तापासून मागितली पाहिजे.

शेतीच्या प्रश्नावर संसदेने वऱ्हाडची सर्वाधिक चर्चा केली ती शेतकरी आत्महत्यांच्या काळात. २००६ च्या जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. २००८ मध्ये देशव्यापी कर्जमाफी आली, तिला दोन हेक्टरची अट होती. कागदावर ही अट गरिबाच्या बाजूची दिसते. पण अकोटच्या कोरडवाहू मातीत दहा एकर असलेला शेतकरी पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन एकर ओलितवाल्यापेक्षा गरीब असू शकतो, हे दिल्लीला माहीत नव्हते. विदर्भातून त्यावर ओरड झाली, आणि अंतिम नियमांत पॅकेजच्या जिल्ह्यांतल्या मोठ्या धारकांना कर्जाच्या पाव हिश्शाची किंवा २०,००० रुपयांची, यांत जी जास्त ती सूट मिळाली. अपुरी सवलत होती ती. तरीही लोकप्रतिनिधींनी आणि शेतकरी संघटनांनी रेटल्यावर नियमाची भाषा बदलते, याचा तो पुरावा आहे.

कापसाच्या बाबतीत अलीकडे उलटे घडले. कापूस आयातीवर ११ टक्के शुल्क होते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने ते आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. पऱ्हाटी वेचून बाजारात आणण्याचे नेमके तेच महिने. मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये ठरलेला होता. पण बाहेरून स्वस्त गाठी येऊ लागल्यावर खासगी व्यापारी तो भाव कशाला देईल? असे निर्णय अधिसूचनेने होतात, सभागृहात आधी चर्चा होत नाही. अर्थ खाते हे एकच दार, पण ते आतून बंद. अशा वेळी खासदाराने निर्णय झाल्यावर निषेध करण्यापेक्षा वेचणीच्या आधीच, पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात, या हंगामात आयात शुल्क कायम ठेवणार का, असा प्रश्न टाकून उत्तर बांधून घ्यावे. वस्त्रोद्योगाचे दुखणेही याच्याशी जोडलेले आहे. एकीकडे अमरावतीजवळ नांदगाव पेठला देशातल्या सात पीएम-मित्र वस्त्रोद्योग पार्कांपैकी एक येतो आहे, आणि दुसरीकडे केंद्राच्याच राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती थांबलीच. त्या कामगारांना नव्या पार्कात काय मिळणार, हे विचारण्याचा हक्क अमरावतीच्या खासदाराइतका दुसऱ्या कोणाला नाही.

संत्र्याबद्दल एवढेच, की वरुड-मोर्शीचा बागायतदार अमरावती जिल्ह्यात राहतो पण मत वर्धा लोकसभेला देतो. बांगलादेशाने संत्र्यावरचे आयात शुल्क वाढवले तेव्हा त्याला कोणाच्या दारी जायचे हा प्रश्न पडला. जिल्हाधिकारी अमरावतीचा, खासदार वर्ध्याचा, निर्णय ढाक्याचा.

संसदेतली एक सोय मात्र वऱ्हाडने पुरेशी वापरलेली नाही. मंत्री सभागृहात 'विचार चालू आहे', 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असे म्हणतो तेव्हा ते आश्वासन मानले जाते. त्याची नोंद शासकीय आश्वासन समितीकडे होते आणि साधारण तीन महिन्यांत ते पुरे करणे अपेक्षित असते. ही समिती लोकसभेत १९५३ पासून आहे. लोकसभा विसर्जित झाली की बहुतेक प्रलंबित कामकाज संपते. १९९८ ची लोकसभा तेरा महिन्यांत गेली, तेव्हा एकाच वेळी अमरावतीतून गवई आणि अकोल्यातून आंबेडकर असे रिपब्लिकन चळवळीचे दोन ज्येष्ठ नेते सभागृहात होते, आणि त्यांना पुरता वेळच मिळाला नाही. पण या समितीकडे गेलेली आश्वासने लोकसभेबरोबर संपत नाहीत. मागच्या खासदाराने मिळवलेले आश्वासन पुढचा खासदार, पक्ष कोणताही असो, उचलून धरू शकतो. अडसुळांच्या वेळचे उत्तर वानखडे यांनी वापरण्यात काहीच कमीपणा नाही. अमरावती-अकोल्याच्या वाचनालयांनी, वकील संघांनी, महाविद्यालयांच्या राज्यशास्त्र विभागांनी आपल्या मतदारसंघाच्या प्रश्नोत्तरांची मराठी वही ठेवली तर फार मोठे काम होईल. ती उत्तरे संसदेच्या संकेतस्थळावर उघड आहेत, इंग्रजी-हिंदीत आहेत आणि बहुतेक मतदारांनी ती कधी पाहिलेली नाहीत.

सहा दारांच्या प्रश्नांसाठी आणखी एक गोष्ट करता येईल. खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन खासदारांत वाटला गेला आहे. अमरावती जिल्ह्यातलेच डॉ. अनिल बोंडे राज्यसभेत आहेत. एकाच अधिवेशनात या चौघांनी पाणी, आरोग्य, कृषी आणि भूजल या चार खात्यांना त्याच ८९४ गावांबद्दल प्रश्न विचारले, तर चार उत्तरे शेजारी ठेवून त्यांतली फट दाखवता येईल. पक्ष वेगळे आहेत म्हणून हे होऊ नये, असा कोणताही नियम नाही. जिल्ह्यातल्या दिशा समितीच्या अध्यक्षस्थानी खासदारच असतो. तिथे जिल्हाधिकाऱ्यांसमोर केंद्राच्या योजनांचा हिशेब मागता येतो, आणि तिथला तोंडी खुलासा दिल्लीच्या लेखी उत्तराशी ताडून पाहता येतो.

याला मुदतही आहे. १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक धरून जनगणना होते आहे, आणि तिच्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना येणार. मागच्या पुनर्रचनेच्या कायद्यात प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य होते, आणि मसुद्यावर लोकांच्या हरकती जाहीर सुनावणीत ऐकल्या गेल्या होत्या. पुढच्या वेळी तशी सुनावणी होईल तेव्हा पूर्णेचे खोरे तीन तुकड्यांत कापू नका, शकुंतलेच्या मार्गावरची गावे आणि वरुड-मोर्शीचा पट्टा यांचा विचार करा, हे सांगायला वऱ्हाडची माणसे नकाशे आणि गावांच्या याद्या घेऊन हजर असली पाहिजेत. त्या याद्या करायला ग्रामपंचायतींनी आत्ताच बसावे.